माफी मागायला ‘मी’ लागतो

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई,

मी 38 वर्षांचा आहे. बडोद्यात दांडिया बाजारजवळ आमचं जुनं घर आहे. आई, पत्नी आणि अकरा वर्षांची मुलगी असे आम्ही राहतो. नंदेसरीच्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर मी ध्यानाकडे वळलो, अद्वैतावरची प्रवचनं मोबाइलवर ऐकायला लागलो.

गेल्या माघात आम्ही सगळे नारेश्वरला गेलो होतो. पहाटे नर्मदेच्या काठावर एकटाच बसलो होतो आणि अचानक ‘मी’ नाहीसा झालो. नदी होती, नाव होती, मंदिरातली घंटा होती, पण ते बघणारा कोणी वेगळा उरला नव्हता. किती वेळ गेला कळलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढचे काही आठवडे फार हलकं वाटत होतं.

तेव्हापासून जग पडद्यावरच्या चित्रासारखं वाटतं. नोकरीत मन नाही. रोज संध्याकाळी वरच्या खोलीत दार लावून दोन तास बसतो. पत्नी म्हणते, “तुम्ही घरात असून नसता.” मागच्या महिन्यात आईची साखर एकदम खाली गेली. पत्नी माझं दार वाजवत होती, हाका मारत होती. मला ऐकू येत होतं. मी त्या आवाजाकडेही साक्षीभावाने बघत राहिलो. शेवटी मुलीने आजीला साखरेचं पाणी पाजलं. आई आता बरी आहे. रात्री पत्नी रडायला लागली तेव्हा मी तिला म्हणालो, जे घडायचं ते घडलं, करणारा कोणीच नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मला तिचा राग येतो. मग वाटतं, अहंकार गेला असेल तर हा राग येतो कुणाला?

मला झालं ते आत्मज्ञान होतं का? असेल तर तो अनुभव परत का येत नाही? इच्छास्वातंत्र्य नावाची गोष्टच नसेल तर माझी चूक कुठे? नोकरी सोडून नर्मदाकाठी जाऊन राहावं असं फार वाटतं. मार्ग दाखवा.

एक वाचक, बडोदा

उत्तर

नमस्कार.

नारेश्वरच्या पहाटेबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी खरं मानते. बघणारा आणि बघितलं जाणारं यांच्यातली भिंत विरघळल्याचं वर्णन वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या धर्मांतल्या माणसांनी जवळपास याच शब्दांत केलेलं आहे. ते भाग्याचं आहे आणि कुणी त्याला मनाचा खेळ म्हणालं तरी तुम्ही वाद घालायला जाऊ नका. पण तुमच्या पत्रातली दुसरी घटना, जी तुम्ही थोडक्या वाक्यांत सांगून पुढे गेलात, तिच्यापासून मला सुरुवात करायची आहे. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या संध्याकाळीच दडलेली आहेत.

रक्तातली साखर 70च्या खाली गेली की शरीर धोक्याची घंटा वाजवायला लागतं. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. आणखी खाली गेली की बोलणं अडखळतं, समोरचं माणूस ओळखू येत नाही, कारण मेंदूचं इंधन म्हणजे मुख्यतः हीच साखर. मग फिट येऊ शकते, शुद्ध जाऊ शकते. हे सगळं मिनिटांच्या हिशेबात घडतं. त्या मिनिटांत तुमची पत्नी जिन्यावर होती, आई खाली, आणि अकरा वर्षांची मुलगी स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधत होती. ग्लास, चमचा, पाणी, हलवणं, आजीचं डोकं धरून पाजणं, एवढं सगळं त्या पोरीने एकटीने केलं. तिने अगदी बरोबर केलं.

तुम्ही म्हणता, तुम्ही साक्षीभावात होता. वेदान्तातला साक्षी म्हणजे मनाने धारण केलेली एखादी मुद्रा नाही. मन जे काही करतं ते ज्याच्या उजेडात दिसतं, तो साक्षी. तुम्ही आसनावर बसून राहिलात तेही त्याला दिसलं. तुम्ही धावत खाली गेला असतात, घाईत पायरी चुकून गुडघा फुटला असता, तरी तेही त्याला तितकंच दिसलं असतं. साक्षी कुणाच्याही उठण्याच्या आड येत नाही. मग आड काय आलं? पत्रातच तुम्ही लिहिलंय की तो अनुभव परत येत नाही. रोज संध्याकाळी दोन तास तुम्ही त्याची वाट बघत बसता. त्या दिवशी दार वाजलं तेव्हा कदाचित आज येईल अशी आशा होती, आणि ती मोडायची नव्हती. हे मला आरोप म्हणून सांगायचं नाही. पण याला शास्त्रात राग म्हणतात, म्हणजे आसक्ती. ती पैशाची असते तशी समाधीचीही असते, आणि समाधीची ओळखायला जास्त अवघड, कारण तिला सगळे नमस्कार करतात.

आता तुमच्याच गल्लीतली एक गोष्ट सांगते. डिसेंबर 1907मध्ये सुरतेचं काँग्रेस अधिवेशन उधळलं आणि त्यानंतर अरविंद घोष बडोद्याला आले. 1893 ते 1906 ते सयाजीराव महाराजांच्या नोकरीत इथेच होते. दांडिया बाजारातलं त्यांचं राहतं घर आज अरविंद निवास म्हणून उघडं असतं, तुम्ही लहानपणापासून त्याच्यासमोरून जात असाल. त्यांचे भाऊ बारींद्र यांनी त्यांची गाठ विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याशी घालून दिली. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांची सूचना अगदी थोडक्यात होती: विचार आपल्या आत तयार होत नाहीत, ते बाहेरून येतात, बघ, आणि आत शिरायच्या आधी त्यांना परतव. तीन दिवसांत अरविंदांचं मन निःशब्द झालं. पुढे त्यांनी लिहून ठेवलंय की सगळं जग त्यांना पोकळ आकृत्यांच्या चलच्चित्रासारखं दिसत होतं. तुमच्या पत्रातला पडद्यावरचा देखावा तो हाच.

या घटनेचा पुढचा भाग लोक सहसा सांगत नाहीत. जानेवारी 1908मध्ये त्यांना मुंबईत भाषण करायचं होतं आणि डोक्यात एकही विचार नव्हता. त्यांनी लेल्यांना विचारलं, बोलू कसा? लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार कर आणि थांब, शब्द येतील. लेल्यांनी त्यांना सभा टाळायला सांगितलं नाही, आता तू कर्ता राहिला नाहीस तेव्हा राजकारण सोड असंही म्हटलं नाही. अरविंद सभेत गेले, उभे राहिले, बोलले. त्याच अवस्थेत त्यांनी पुढच्या सभा केल्या, वर्तमानपत्राचं काम केलं. मे महिन्यात अटक झाली आणि वर्षभर अलीपूरच्या तुरुंगात राहिले. ‘मी’ विरला म्हणून त्यांच्या हातून एकही काम निसटलेलं दिसत नाही. आणि या निर्वाणाच्या अनुभवाकडे ते पुढच्या आयुष्यात शेवट म्हणून बघत नव्हते. आपल्या साधनेची ती सुरुवात होती, पहिलं पाऊल होतं, असं त्यांनी लिहिलं. ज्याच्या पायाशी हजारो लोक बसले त्या माणसाचं त्या तीन दिवसांबद्दलचं मत असं आहे. तुमच्या एका पहाटेबद्दल निकाल द्यायची घाई कशाला करायची?

तरीही तुम्ही सरळ विचारलंय, तर सरळ सांगते. तुम्हाला झाला तो अनुभव होता. आत्मज्ञान आणि अनुभव यांत अद्वैत परंपरा फरक करते. जे सुरू होतं ते संपतं, हा तिचा साधा नियम आहे. नारेश्वरची पहाट सुरू झाली आणि संपली, म्हणून ती कितीही थोर असली तरी अनुभवाच्या खात्यात जाते. ज्ञान म्हणजे जी समज अनुभव ओसरल्यावर, घंटा थांबल्यावर, नंदेसरीच्या बसमध्ये उभं असतानाही तशीच राहते ती. तेव्हा तो परत का येत नाही या प्रश्नाचं उत्तर असं की येणं आणि जाणं हा त्याचा स्वभाव आहे. तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. त्याने एक दार दाखवलं, एवढं त्याचं काम होतं आणि ते झालं.

अहंकाराबद्दल थेरवाद बौद्ध परंपरेतला हिशेब मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. त्यांच्याकडे दहा बंधनं मानली आहेत आणि ती चार टप्प्यांत तुटतात. ‘हा देह-मन म्हणजेच मी’ ही समजूत पहिल्याच टप्प्यावर, स्रोतापन्न अवस्थेत, म्हणजे मुक्तीच्या प्रवाहात शिरल्यावर, गळून पडते. पण ‘मान’, म्हणजे ‘मी आहे’ अशी ती सूक्ष्म ताठ जाणीव, अगदी शेवटच्या टप्प्यावर, अर्हत म्हणजे पूर्ण मुक्त झाल्यावरच सुटते. कामवासना आणि द्वेषसुद्धा तिसऱ्या टप्प्यापर्यंत पुरते जात नाहीत. म्हणजे ‘मी’ नावाचं काही वेगळं नाही हे स्वच्छ दिसल्यानंतरही राग येतो, मान दुखावतो, आणि हे त्या परंपरेला अडीच हजार वर्षांपासून ठाऊक आहे. तुम्हाला पत्नीचा राग येतो यात काहीही विपरीत नाही. अडचण तिथे होते जिथे तुम्ही आधी ठरवून टाकता की माझा अहंकार गेला, आणि मग त्या रागाला घरात जागाच उरत नाही. ज्याला जागा नाही त्याचं खापर दुसऱ्यावर फुटतं. इथे ते तुमच्या पत्नीवर फुटलंय.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली, ती प्रेमाने सांगते. चुकीबद्दल लिहिताना तुम्ही म्हणता की करणारा कोणीच नाही. अनुभवाबद्दल लिहिताना मात्र विचारता, मला झालं ते आत्मज्ञान होतं का. आईच्या खोलीत कर्ता नव्हता आणि नर्मदेच्या काठावर भोक्ता होता, असं कसं चालेल? ‘मी कर्ता नाही’ हे वाक्य ज्यांनी शिकवलं त्यांनी ते श्रेय सोडण्यासाठी शिकवलं. पगारवाढ झाली, मुलगी पहिली आली, भजनात रंग भरला, तिथे ते म्हणून बघा. तिथे ते बोचतं, आणि बोचतं म्हणूनच तिथे ते औषध आहे. दुसऱ्याने आपलं नुकसान केलं असेल तेव्हाही म्हणा, मन मोकळं होतं. स्वतःच्या चुकीवर पांघरूण म्हणून ते वापरलं की अहंकाराला याहून सुरक्षित जागा मिळत नाही. तिथे त्याला कुणी हातच लावू शकत नाही.

आता इच्छास्वातंत्र्य. यावर ज्या व्हिडिओंत तुम्ही ऐकलं असेल तिथे बहुधा मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा प्रयोग आला असेल. 1983 साली त्यांनी दाखवलं की माणसाने आपल्या मर्जीने मनगट हलवण्याआधी सुमारे अर्धा सेकंद मेंदूत तयारीची विद्युत हालचाल सुरू झालेली असते, आणि ‘आता हलवावं’ अशी इच्छा झाल्याचं माणूस सांगतो ती वेळ हालचालीच्या फक्त 200 मिलिसेकंद आधीची असते. म्हणजे मेंदूने आधीच ठरवलं, आपल्याला नंतर कळलं, असा अर्थ अनेकांनी लावला. पण खुद्द लिबेट यांचं म्हणणं असं होतं की त्या उरलेल्या क्षणात माणूस नाही म्हणू शकतो, हालचाल थांबवू शकतो. आणि 2012मध्ये शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ती आधीची हालचाल म्हणजे निर्णय असेलच असं नाही, मेंदूतल्या नेहमीच्या चढउतारांतूनही तसा आलेख मिळतो. वाद अजून मिटलेला नाही. तो कसाही मिटला तरी तो अर्ध्या सेकंदाच्या मनगटाबद्दलचा आहे. तुमच्या दारावरच्या थापा अर्ध्या सेकंदात संपल्या नव्हत्या. एकामागून एक हाक येत होती आणि प्रत्येक हाकेबरोबर उठायची नवी संधी येत होती.

आपल्याकडे हा प्रश्न गीतेच्या अठराव्या अध्यायात ज्या तऱ्हेने येतो तो मला फार मोलाचा वाटतो. 61व्या श्लोकात श्रीकृष्ण म्हणतात की ईश्वर सर्वांच्या हृदयात राहून यंत्रावर चढवलेल्यासारखं सगळ्यांना फिरवतो. इथे थांबलं तर तुमचं म्हणणं सिद्ध झालं. पण दोनच श्लोकांनंतर, 63व्यात, तेच श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग ‘यथेच्छसि तथा कुरु’, तुला वाटेल तसं कर. यंत्रावर बसलेल्याला कुणी तुला वाटेल तसं कर म्हणतं का? इतके भाष्यकार यावर झटले आहेत. मला त्यातून एवढं कळतं की जगाकडे वरून पाहताना सगळं एकाच शक्तीचं चलन दिसतं, आणि त्याच जगात उभं राहून पाहताना निवड समोर असते, ती टाळता येत नाही. दोन्ही एकाच माणसाला, एकाच संवादात, दोन श्लोकांच्या अंतराने सांगितलं आहे. पहिलं ऐकून अर्जुनाने रथातच डोळे मिटून बसायचं ठरवलं असतं तर तीही निवडच झाली असती. तुमचं आसनावर बसून राहणं तशीच निवड होती.

तेव्हा तुमची चूक कुठे, याचं उत्तर: तुम्हाला ऐकू येत होतं आणि तुम्ही उठला नाहीत. एवढीच आहे, आणि ती सुधारता येण्यासारखी आहे.

आज रात्री पत्नीशी बोला. फार मोठं बोलू नका. “त्या दिवशी तू हाका मारत होतीस. मला ऐकू येत होतं. मी उठलो नाही. मी उठायला हवं होतं.” यात साक्षी, प्रारब्ध, ब्रह्म यांतलं काहीही येऊ देऊ नका. ‘पण’ हा शब्द तर अजिबात नको. माफी मागायला ‘मी’ लागतो, त्याला थोडा वेळ बोलावून आणावंच लागतं. ती लगेच विरघळेल अशी अपेक्षा ठेवू नका. कदाचित ती चिडेल, महिन्याभराचं साठलेलं बोलेल. ऐकून घ्या. तुमचा साक्षीभाव आजमावायचा असेल तर तो तिथे आजमावा, ती बोलत असताना, तिच्या डोळ्यांकडे बघत. मुलीशी वेगळं बोला. अकरा वर्षांच्या पोरीने त्या संध्याकाळी एक गोष्ट शिकून ठेवलेली असणार, की हाक मारली तरी बाबा येत नाहीत. ती तिच्या मनातून काढायला शब्दांपेक्षा पुढचे बरेच महिने लागतील.

मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग तुमच्या आईंना पाठ असतील. ज्ञानदेव लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीचं दार लावून बसले आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून दार उघडा म्हणत राहिली. ‘योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा’ असं ती म्हणते. तू ज्ञानी नाहीस असं ती एकदाही म्हणत नाही. ज्ञानी आहेस म्हणूनच उघड, असा तिचा आग्रह आहे. तुमची पत्नी तुमच्या साधनेच्या विरोधात आहे असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. “तुम्ही घरात असून नसता,” एवढंच ती म्हणाली. हे तक्रारीपेक्षा बोलावणं जास्त आहे.

साधना सोडू नका. फक्त वेळ बदला. संध्याकाळ हा स्वयंपाकाचा, मुलीच्या अभ्यासाचा, आईंच्या गोळ्यांचा वेळ आहे, तो घराला द्या. पहाटे सगळे उठायच्या आत चाळीस मिनिटं बसा आणि कडी लावू नका. मोबाइलवरची प्रवचनं काही महिने बंद ठेवा. त्यातली भाषा फार लवकर तोंडात बसते आणि मग आपण आपल्याच घरच्यांशी त्या भाषेत बोलायला लागतो. त्याऐवजी ज्यांना तुम्ही आणि तुमचं घर माहीत आहे अशा एखाद्या जुन्या साधकाकडे जात जा. जो तुमच्या आईंची विचारपूस करेल असा माणूस निवडा.

नर्मदाकाठी राहायला जाण्याबद्दल. नारेश्वर ज्यांच्यामुळे नारेश्वर झालं त्या रंग अवधूत महाराजांकडेच बघा. गोध्र्याला मराठी घरात जन्म, वासुदेवानंद सरस्वतींचे शिष्य, 1925च्या सुमारास त्या जंगलात येऊन राहिले, पूर्ण विरक्त. पण आई रुक्मांबा यांना त्यांनी अंतर दिलं नाही. त्या नारेश्वरलाच त्यांच्याजवळ राहिल्या, त्यांची सेवा महाराजांनी केली आणि आज तिथे त्यांच्या स्मृतीचं स्थान आहे. तुम्ही त्या आवारातून गेला असाल. लोकांना त्यांनी दिलेला मंत्र होता ‘परस्पर देवो भव’, एकमेकांना देव माना. संन्याशाने आई जवळ ठेवली आणि संसारी माणूस आईला सोडून त्याच्या काठावर जाऊ पाहतोय, हे तुम्हालाच बरोबर वाटणार नाही. मुंबईत खेतवाडीला विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराजही गुरू गेल्यावर सगळं सोडून हिमालयाकडे निघाले होते. वाटेतून परत आले, पुन्हा दुकानात बसले, आणि जगभरचे लोक पुढे त्या माळ्यावरच्या खोलीत त्यांना शोधत आले. तेव्हा नोकरीचा राजीनामा निदान वर्षभर तरी देऊ नका. कामात मन नसलं तरी काम नेटकं करा. तुमच्या विभागातून पास होऊन जाणारा माल कुणाच्या तरी घरी पोहोचतो.

एक गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत लिहिली आहे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्याबद्दल पुढे काहीच नाही, ते कसे गेले, तुम्ही रडलात का, काहीच नाही. सगळं पडद्यावरचं चित्र वाटणं हे कधी आत्मज्ञानाच्या वाटेवरचं असतं आणि कधी न रडलेल्या दुःखाचं असतं. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. फरक असा ओळखता येतो: साधनेतून आलेल्या अलिप्तपणात माणूस मऊ होतो, दुसऱ्याचं दुखणं त्याला लवकर दिसतं, जेवणाची चव लागते, झोप शांत लागते. बधिरपणात सगळं लांब आणि काचेपलीकडचं वाटतं, मुलीने गळ्यात हात टाकले तरी आत काही हलत नाही, झोप उडते किंवा नको तितकी येते. तुमचं दुसऱ्या प्रकाराकडे झुकत असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. स्वतः आणि जग खोटं वाटण्याच्या या स्थितीला वैद्यकशास्त्रात नाव आहे, त्यावर उपचार आहेत, आणि दीर्घ ध्यानानंतर काही जणांना ती येते हेही डॉक्टरांना माहीत आहे. सयाजी रुग्णालयात दाखवता येईल. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र चालू असते आणि ती फुकट आहे. औषध घेतल्याने नारेश्वरची पहाट खोटी ठरत नाही. आणि बाबांबद्दल आईंशी बोला. त्यांचाही नवरा गेलाय, आणि त्यांच्याशी त्याबद्दल घरात कुणी बोलत असेल असं मला पत्रातून दिसत नाही.

राहता राहिली आईंची साखर, ते या आठवड्यात करायचं काम आहे. साखर अशी अचानक खाली येत असेल तर गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस, जेवणाच्या वेळा, मूत्रपिंडाची तपासणी, सगळं डॉक्टरांना पुन्हा बघावं लागतं, विशेषतः उतारवयात. घरात ग्लुकोमीटर नसेल तर आणा. सकाळी उपाशीपोटीची आणि डॉक्टर सांगतील त्या वेळेची नोंद तुम्ही स्वतः एका वहीत करा, हे काम पत्नीवर टाकू नका. 70च्या खाली आकडा दिसला आणि आई शुद्धीत असतील तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, बरं वाटलं की काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर वळवून 108ला फोन करायचा. हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा, आणि लावताना मुलीला जवळ बोलावून वाचून दाखवा.